सैतानाच्या नावावर माणसाचे पाप

गेल्या पावसाळ्यात एका धर्मग्रामाच्या युवक शिबिरात मी श्रोता म्हणून बसलो होतो. विषय होता 'आधुनिक संगीत आणि श्रद्धा'. वक्ते अभ्यासू म्हणून परिचित, वाणीला ओघ, दिमतीला पडदा आणि चित्रे. पडद्यावर एका कृष्णवर्णीय तरुणाचे छायाचित्र उमटले. डोक्यावर तिरकी हॅट, हातात गिटार, तारांवर लांबसडक बोटे. हा रॉबर्ट जॉन्सन. याने म्हणे एका मध्यरात्री मिसिसिपी राज्यातील चौरस्त्यावर सैतानाला आपला आत्मा विकला आणि मोबदल्यात गिटारवादनाचे कौशल्य पदरात पाडून घेतले. सबब ब्लूज हे सैतानाचे संगीत, आणि त्याच्या पोटी जन्मलेले रॉकही त्याच कुळातले. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकांवरची मुले मात्र मनातून हरखली. सैतानाशी करार करणारा वादक त्यांना आमच्या शिबिरातील सर्व संतचरित्रांहून रोचक वाटला, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होते.

मला राग आला तो दोघांचाही. माझा धाकटा मुलगा गिटार वाजवतो, तेव्हा हा राग सर्वस्वी निःस्पृह आहे असा माझा दावा नाही. परंतु त्या दिवशी सभागृहात जे घडले ते केवळ संगीताच्या आवडीनिवडीपुरते नव्हते. माणसांनी माणसांवर केलेला एक प्रचंड अन्याय सैतानाच्या खात्यावर टाकून आपण सारे मोकळे झालो, आणि त्या अन्यायाखाली पिचलेल्या माणसालाच आरोपी करून घरी गेलो. ख्रिस्ती माणसाला हे शोभत नाही.

प्रथम त्या चौरस्त्याचे पाहू. रॉबर्ट जॉन्सनचा जन्म १९११ चा, मिसिसिपीतील हेझलहर्स्ट गावचा. त्याची आई जूलिया हिचे लग्न चार्ल्स डॉड्स नावाच्या, बऱ्यापैकी जमीन बाळगून असलेल्या सुतारकाम जाणणाऱ्या गृहस्थाशी झाले होते. गोऱ्या जमीनदारांशी तंटा झाला, आणि जिवाच्या भीतीने त्याला गाव सोडून मेम्फिसला पळावे लागले. तेथे तो नाव बदलून राहिला. मागे राहिलेल्या जूलियाला दुसऱ्या पुरुषापासून झालेला मुलगा तो रॉबर्ट. म्हणजे हा मुलगा जन्मण्यापूर्वीच एक घर मोडले गेले होते, आणि ते सैतानाने मोडलेले नव्हते.

१९२९ साली रॉबर्टने व्हर्जिनिया ट्रॅव्हिस नावाच्या मुलीशी लग्न केले. १९३० साली ती बाळंतपणात गेली, बाळही गेले. तिचे वय होते सोळा. पुढे संशोधकांनी तिच्या नातलगांना गाठले तेव्हा ते म्हणाले, ही देवाची शिक्षा. रॉबर्ट ऐहिक गाणी गात असे ना! तिकडच्या धर्मभीरू कृष्णवर्णीय समाजात भजने सोडून असली गाणी गाण्यालाच 'सैतानाला आत्मा विकणे' असा वाक्प्रचार होता. ही गोष्ट समजली की चौरस्त्याच्या दंतकथेचे अर्धेअधिक रहस्य उलगडते. जी शिवी होती तिची पुढे कथा झाली. बायको आणि मूल एका दिवशी गमावलेल्या अठरा वर्षांच्या पोराला सांत्वनाऐवजी जे ऐकावे लागले, तेच आज आपण पडद्यावर चित्रे दाखवून पुन्हा ऐकवतो आहोत.

उरलेल्या अर्ध्या रहस्याला नाव आहे: आइक झिमरमन. हा रॉबर्टचा गुरू. ज्येष्ठ गायक सन हाउस सांगत असे की रॉबर्टला आधी गिटार धड धरता येत नव्हती, मग तो काही काळ दिसेनासा झाला आणि परतला तो सर्वांना थक्क करीतच. मधल्या काळात तो झिमरमनच्या घरी राहून शिकत होता. कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून दोघे रात्री जवळच्या दफनभूमीत बसून सराव करीत. रियाज हा शब्द आपल्या भाषेत आहे. सतारवादकाने केला तर आपण त्याला तपश्चर्या म्हणतो. शिवाय चौरस्त्याचा करार मुळात दुसऱ्याच एका जॉन्सनविषयी, टॉमी जॉन्सनविषयी, त्याच्या भावाने सांगितलेला. आडनाव सारखे, म्हणून कथा एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर चढवली गेली.

१९३६ साली रॉबर्टने ज्या गाण्यात चौरस्त्याचा उल्लेख केला, त्यात सैतान कोठेच नाही. संध्याकाळ होत आली आहे, एक माणूस चौरस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो आहे, कोणी थांबत नाही, आणि तो गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो आहे. इतकेच. सूर्य मावळल्यावर परक्या गावच्या रस्त्यावर एकट्या सापडलेल्या कृष्णवर्णीयाचे त्या काळी काय होऊ शकत असे, हे ठाऊक असणाऱ्याला त्या गाण्यातील भीती समजण्यासाठी भुताखेतांची गरज नाही. इतर दोन-तीन गाण्यांत त्याने सैतानाला आणि नरकाच्या कुत्र्याला बोलावले आहे, हे खरे. ते लपवून मला माझा पक्ष मजबूत करायचा नाही. पण सैतानाचे नाव घेणे म्हणजे सैतानाशी करार करणे असेल, तर बाप्तिस्म्याच्या वेळी आपण सर्वच घेतो.

'ब्लूज' या शब्दाच्याच मुळाशी सैतान आहे, हे वक्त्यांना माहीत असते तर त्यांनी नक्की वापरले असते, म्हणून मीच सांगतो. जुन्या इंग्रजीत खिन्नतेला, मन काळवंडून टाकणाऱ्या उदासीला 'निळे सैतान' म्हणत. त्याचे संक्षिप्त रूप ब्लूज. म्हणजे हे सैतानाचे स्तवन नाही, सैतानाने छळल्याची तक्रार आहे.

आता तो सैतान कोण, हे विचारायला हवे. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्याकडे महात्मा फुल्यांना त्या मुक्तीचे एवढे अप्रूप वाटले की १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक त्या कार्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. मुंबईचा तर त्या प्रकरणाशी पैशाचाच संबंध होता. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला आणि पेढ्या बुडाल्या. मिसिसिपीच्या शेतात कोणाच्या पाठीवर चाबूक उडतो यावर येथे कोणाची माडी उभी राहते हे ठरत होते. तेव्हा 'ते तिकडचे, आपल्याला काय' असे कोणी म्हणू नये.

गुलामगिरी गेली आणि तिच्या जागी बटाई आली. जमीन मालकाची, बियाणे, खेचर, अवजारे मालकाची. राबणारे कुटुंब कृष्णवर्णीयाचे. निम्मे पीक मालकाचे. उरलेल्या निम्म्यातून वर्षभराची उसनवारी फेडायची, आणि ती उसनवारी मालकाच्याच दुकानातून, मालकाच्याच भावाने, मालकाच्याच व्याजाने. हिशेबाची वही मालकाकडे. हंगाम संपला, नाताळ जवळ आला की हिशेब व्हायचा, आणि बहुतेकदा निघायचे एवढेच, की यंदाही तुझ्याकडेच बाकी आहे. वही दाखवा म्हणण्याची सोय नव्हती. तसे म्हणणारा उद्दाम ठरे, आणि उद्दाम ठरण्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागे. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांची जी नोंद आज झाली आहे ती ४,४०० च्या वर जाते. सर्वाधिक बळी मिसिसिपीत गेले.

कर्ज बुडवून पळाला, काम नसताना भटकला, अशा कारणांवरून माणूस तुरुंगात जाई. गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीतच 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून' अशी एक खिडकी उघडी ठेवलेली होती. तिच्यातून गुलामगिरी परत आत आली. मिसिसिपीचे पार्चमन हे कारागृह १९०१ साली सुरू झाले. ते कारागृह कसले, हजारो एकरांचा कापसाचा मळाच तो. बुका व्हाइट, सन हाउस यांसारखे गायक तेथे राबून आले. अॅलन लोमॅक्स या संग्राहकाने १९४७-४८ साली तेथील कैद्यांची श्रमगीते ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताना माझे लक्ष शब्दांपेक्षा कुऱ्हाडींकडे गेले. एकजण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात, आणि सर्वांच्या कुऱ्हाडी एकाच क्षणी लाकडावर पडतात. हे सौंदर्यासाठी केलेले नव्हे. सर्वांचा घाव एका तालात पडला की थकलेला, आजारी, म्हातारा कोण ते पहारेकऱ्याला ओळखू येत नाही. गाणे हे तेथे दुबळ्याला झाकणारे पांघरूण होते. शेजाऱ्यावर प्रेम करा या आज्ञेचे इतके रोकडे पालन मी फार थोड्या गायनवृंदांत पाहिले आहे.

ब्लूजची घडण याच मातीतली. पहिली ओळ म्हणायची, तीच दुसऱ्यांदा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. दोनदा का? शेतातील हाळीत पहिली हाक वाऱ्यावर जाते, दुसरी पोहोचते, म्हणून असेल. किंवा ज्याचे कोणी एकदाही ऐकले नाही त्याला दोनदा सांगावेसे वाटते, म्हणूनही. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९०३ च्या सुमारास टटवायलर या आडगावच्या स्थानकावर, रात्री रखडलेल्या गाडीची वाट पाहताना, फाटक्या कपड्यांतील एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी घासत गाताना ऐकले. तो प्रसंग त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. त्या माणसाचे नाव मात्र त्याने विचारले नाही. हँडीचे वडील धर्मोपदेशक होते; मुलाने पै पै साठवून गिटार आणली तेव्हा त्यांनी ती परत करायला लावून शब्दकोश घ्यायला लावला. आमच्याकडेही अशी घरे आहेत. मी तर शब्दकोशाच्या बाजूचा माणूस. तरीही वाटते, दोन्ही का नकोत?

१९२७ च्या एप्रिलात मिसिसिपी नदीचा बांध ग्रीनव्हिलजवळ फुटला. गोऱ्या कुटुंबांना बोटींतून हलवण्यात आले. सुमारे तेरा हजार कृष्णवर्णीय बांधाच्या अरुंद कण्यावर तंबूंत राहिले. त्यांनाही न्यावे असा प्रस्ताव होता. पण मजूर एकदा गेले तर परत येणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार, या धास्तीने मळेवाल्यांनी तो हाणून पाडला. बंदूकधारी पहाऱ्याखाली त्यांच्याकडून मदतीचे धान्य उतरवून घेतले गेले, आणि कामाचा बिल्ला असेल त्यालाच शिधा मिळे. दोन वर्षांनी चार्ली पॅटन या गायकाने या पुरावर दोन भागांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. वर्तमानपत्रे नदीच्या कोपाविषयी लिहीत होती. कोप नदीचा होता. पण बांधावर पहारा देणारी नदी नव्हती.

येथे मला तरुणांकडे वळले पाहिजे, कारण त्यांनाही मी सोडणार नाही. यांतना भोगल्याशिवाय कला नाही, असे एक गोंडस तत्त्वज्ञान त्यांच्यात रूढ आहे. दारिद्र्य जणू कलावंताची शिष्यवृत्ती! मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ साली काही गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि मग १९६३ पर्यंत तो शेतमजुरी करीत राहिला. जगाने त्याला पुन्हा शोधले तेव्हा तो सत्तरीत होता. ही मधली पस्तीस वर्षे दारिद्र्याने कलेला दिली की तिच्याकडून लुबाडली? मडी वॉटर्स ट्रॅक्टर चालवून ताशी बावीस सेंट मिळवीत होता. पंचवीस करा म्हणाला, मुकादमाने झिडकारले, म्हणून १९४३ साली तो शिकागोची गाडी पकडून निघून गेला. त्याची थोरवी त्या बावीस सेंटांत नसून ते नाकारण्यात आहे. आणि ज्या लक्षावधींनी तेच भोगले पण ज्यांच्या तोंडून एकही गाणे निघाले नाही, त्यांचे काय? त्यांचे दुःख वाया गेले, असे म्हणायचे?

लूट शेतावरच थांबली नाही. बेसी स्मिथ, अनाथ मुलगी, चॅटनूगाच्या रस्त्यावर गाणारी, १९२३ पासून तिच्या तबकड्यांनी एका मोठ्या कंपनीला हात दिला. करारात तिला स्वामित्वधन नव्हते. एका गाण्याचे ठरीव पैसे, विषय संपला. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली आणि तिच्या कबरीवर शिळा बसायला १९७० उजाडले. गोऱ्यांच्या इस्पितळाने दारातून परत पाठवल्यामुळे ती मेली, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा मात्र खोटी आहे, आणि ती मी येथे वापरणार नाही. सत्य पुरेसे काळे असताना त्याला काजळ कशाला? आर्थर क्रुडप याचे गाणे १९५४ साली एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी म्हणून गाजले. त्याचे हक्काचे पैसे क्रुडपला आयुष्यभर मिळाले नाहीत, तो मजुरी करीतच राहिला आणि १९७४ साली वारला. करार करून माणसाचे सर्वस्व हिरावून घेणारा कोणी शोधायचाच असेल, तर तो चौरस्त्यावर नव्हता. कार्यालयात टाय लावून बसलेला होता.

मग वाचक विचारतील, ही गाणी दारू, व्यभिचार, सुरेबाजी यांनी भरलेली नाहीत काय? आहेत. रॉबर्ट जॉन्सन दारूडा होता, बाईलवेडा होता; सन हाउसच्या हातून माणूस मेला. यांना मी संतपदाला चढवू पाहत नाही. पण पवित्र शास्त्र उघडून पाहा. योब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. ८८ वे स्तोत्र आशेच्या एका किरणाशिवाय अंधारातच संपते, आणि आपले धर्मगुरू दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत ते म्हणतात. ते काढून टाकावे असे कोणी सुचवत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ईशज्ञानी जेम्स कोन यांनी १९७२ सालीच ब्लूजला ऐहिक भजने म्हटले होते.

थॉमस डॉर्सीचे उदाहरण कोणी माझ्याविरुद्ध देईल. हा धर्मोपदेशकाचा मुलगा, ब्लूजचा नामांकित पियानोवादक, द्व्यर्थी गाण्यांबद्दल प्रसिद्ध. १९३२ साली तो दुसऱ्या गावी गेला असताना त्याची पत्नी नेटी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही. त्या शोकातून त्याने प्रभूला 'माझा हात धर' म्हणून विनवणारे भजन लिहिले, आणि पुढे ब्लूज कायमचे सोडले. पाहा, सोडले ना? होय, शब्द सोडले. सुरांची ती वेदना, ती घसीट, तो ठेका त्याने उचलून प्रार्थनामंदिरात आणला, आणि त्यासाठी अनेक मंदिरांनी त्याला बाहेरची वाट दाखवली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांनी गोळी लागण्यापूर्वी काही क्षण, त्या रात्रीच्या सभेत हेच भजन वाजवा, अशी विनंती केली होती. त्यांच्या अंत्यविधीत ते महालिया जॅक्सनने गायले. रॉबर्ट आणि थॉमस, दोघांवर दोन वर्षांच्या अंतराने तोच घाव पडला. एकाला शिक्षा झाली म्हणायचे आणि दुसऱ्याला पाचारण, हा न्याय मला उमगत नाही.

आपल्या घराकडेही पाहू. १८३८ साली मेरिलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ गुलाम, त्यांतील बहुतेक बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिक, लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकले. त्या पैशातून जॉर्जटाउनचे कर्ज फेडले गेले. पुढेही दक्षिणेतील कित्येक कॅथलिक चर्चमध्ये कृष्णवर्णीयांनी मागे बसावे आणि कम्युनियन सर्वांच्या शेवटी घ्यावे, हा दंडक होता. आत्मा विकण्याच्या गोष्टी सांगताना हेही सांगायला हवे, कारण येथे खरोखरच विक्री झाली होती आणि तिचे दस्तऐवज आहेत.

आणि 'हे परकीय संगीत' म्हणणाऱ्यांना एकच आठवण देतो. १९३५ साली लिऑन अॅबीचे कृष्णवर्णीय वाद्यपथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे वादक आले. गोव्याच्या धर्मग्राम शाळांत स्वरलिपी शिकलेले आपलेच कॅथलिक वादक त्यांच्या शेजारी बसून जॅझ शिकले, ज्याच्या हाडामांसात ब्लूज आहे. त्यांतले कित्येक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. त्या कमाईवर किती घरांतील मुले शिकली!

पुढच्या शिबिरात मला वेळ मिळाला तर मी एक नकाशा घेऊन जाणार आहे. ग्रीनवुड गावाहून उत्तरेला एक रस्ता जातो. त्या रस्त्यावरच्या लहानशा चर्चच्या दफनभूमीत रॉबर्ट जॉन्सनची म्हणून दाखवली जाणारी एक कबर आहे. १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी तो गेला, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी 'डॉक्टर नाही' एवढेच लिहिले गेले. त्याच रस्त्याने काही मैल पुढे मनी नावाचे खेडे लागते. १९५५ साली तेथल्या दुकानात एका गोऱ्या बाईशी सलगी केल्याच्या आरोपावरून एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला रात्री घरातून उचलून नेऊन मारले, आणि गोऱ्या पंचांनी तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. मग मी मुलांना सिस्टर थेआ बोमनचा आवाज ऐकवीन. मिसिसिपीच्या याझू सिटीत जन्मलेली, गुलामांची नात, स्वेच्छेने कॅथलिक झालेली ही धर्मभगिनी १९८९ साली कर्करोगाने जर्जर अवस्थेत, चाकांच्या खुर्चीत बसून अमेरिकेच्या बिशपांसमोर आली, आणि भाषणाला आरंभ करण्यापूर्वी आई हरवलेल्या लेकराचे गुलामांचे जुने गीत गायली. शेवटी तिने बिशपांना उभे केले, हात गुंफायला लावले आणि आपल्याबरोबर गायला लावले. २०१८ साली तिच्या संतपदाची प्रक्रिया सुरू झाली आहे. त्या दिवशीच्या वक्त्यांनाही मी आग्रहाचे निमंत्रण देणार आहे. पहिल्या रांगेतील खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवीन.